काहिलीतली गाठ

सुट्टीच्या दिवशी माणसानं झोपावं, एवढंच माझं म्हणणं होतं. अजूनही तेच आहे. आठवडाभर मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रापुढं उभं राहायचं, धागा तुटला की उचलायचा, जोडायचा, पुढं सरकायचं, की मागं दुसरा तुटलेलाच. संध्याकाळी भोंगा झाला की पाय माझे नसायचेच, कुणाचे तरी उसने आणल्यासारखे घरापर्यंत ओढत न्यायचे. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, थुंकलं तर थुंकीत कापूस. आणि एवढं करून सुट्टी उजाडली की आमचे मालक उशाशी उभे.

"ऊठ की. हिप्परग्याला जायचं न्हवं?"

मालक म्हणजे आमचे नवरोजी. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता ते नाहीत, तरी जिभेला सवय लागली नाही ती नाहीच, म्हणून इथंही मालकच म्हणते.

हिप्परग्याला म्हणजे तिथल्या तलावावर. सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की येतो. दुष्काळात त्याचं पाणी पार खाली गेलेलं आम्ही बघितलं होतं. मग पाऊस झाला, तलाव भरला, आणि कुठून कोण जाणे, मासेही परत आले. त्यातल्या मरळ माशाचं मालकांना भारी वेड. मला काय त्याचं? माझ्या माहेरी मटण चालायचं, पण मासा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मरळ बघितली तेव्हा मी साप म्हणून किंचाळले होते. डोकं तसंच असतं मेलीचं.

पूर्वी ते त्यांच्या खात्यातल्या एका दोस्ताबरोबर तलावावर जायचे आणि मी घरी झोपायचे. किती चांगली व्यवस्था होती! मग दोस्त भिवंडीला गेला, आणि त्याच सुमाराला मालकांचा हात मागात गेला.

ते त्याच मिलमध्ये मागावर होते. चालू मागाच्या दातेरी चाकात अडकलेला कापूस काढायला गेले. सगळेच काढतात. माग थांबवला की काम मागं पडतं, म्हणून चालू मागातच बोट घालून कापूस ओढायचा, ही तिथली रोजची तऱ्हा. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. मला वाइंडिंग खात्यात निरोप आला तेव्हा मी चपला तिथंच टाकून पळाले होते.

जखम भरून आली. पण मागावर परत कसं उभं राहायचं, हा प्रश्न होता. मागावर धागा तुटला की विणकरानं तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायचा असतो. त्याची एक गाठ असते. तिळाएवढी, चपटी, फणीच्या दातांतून अलगद निघून जाणारी. अंगठा आणि शेजारचं बोट, बास, एवढ्यावर ती गाठ बसते. आणि त्यांचं नेमकं तेच बोट गेलं होतं.

खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, घरी भेटायला आला होता. माणूस वाईट नव्हता, तोंडाचा फाटका होता इतकंच. चहा पिऊन म्हणाला, "हात बरा झाला की ये. पण आधी माझ्यासमोर गाठ मारून दाखवायची. न्हाईतर धागा तुटला की काय करशील? वाइंडिंगमधनं बायकोला बोलवणार हायस व्हय?"

मालक हसले. तो गेल्यावर मात्र भिंतीकडं तोंड करून पडले ते पडलेच.

पुढं काही आठवडे ते घरी गाठीचा सराव करायचे. मी कामावरून आले की कॉटखाली धाग्याचे तुकडे दिसायचे, केर काढताना झाडूला गुंडाळायचे. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट, यांच्यात धागा धरायचा म्हणजे धरणाऱ्यालाच माहीत. धागा निसटायचा. निसटला की ते तो तोडून फेकायचे. एक दिवस तुकडे दिसले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी काही विचारलं नाही. विचारून काय ऐकायचं होतं?

दिवाळीत वैरागहून थोरले दीर आले. ते मायेनं म्हणाले, "चल गावाकडं. म्हशी हायत, रान हाय. दोन बोटांनी काय अडतंय तुझं?" मालक म्हणाले, "गड्ड्याची जत्रा होऊंद्या. तवर जमलं तर जमलं. न्हाईतर येतो." आमच्या सोलापूरला संक्रांतीला गड्डा भरतो, तिथवर मुदत. माझ्याच घरात, माझ्यासमोर ठरलं, आणि मला कुणी विचारलंही नाही.

वैरागला माझ्या जिवाचं काय होणार, ते मला आरशासारखं दिसत होतं. जाऊबाई म्हणजे साक्षात जॉबरचा बाप. तिच्या हाताखाली शेण काढायचं, तिच्या पुढ्यातली भाकरी खायची, आणि ती भाकरी वाढताना तिचं तोंड बघायचं. बरं, माझं एकवेळ सोडा. ह्या माणसाला मी मागावर उभं असलेलं बघितलं होतं. सगळ्या खात्यात त्यांचं कापड सरस निघायचं. तो माणूस थोरल्या भावाच्या ओसरीवर बसून माशा हाकलणार? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलणार कुणाला? आणि बोलायला ताकद हवी ना! घरी येऊन भाकरी थापेपर्यंत डोळे मिटायचे माझे.

असं सगळं असताना हे म्हणतात, हिप्परग्याला चल. का, तर एकट्याला जमत नाही. फळी मारून पाणी कापायचं, गळाची दोरी बांधायची, अडकलेला गळ सोडवायचा, ह्याला दोन हात लागतात. म्हणजे दोन हात माझे. चाळीतल्या बायकांना वळायला आयतंच चऱ्हाट मिळालं. "काय गं, नवऱ्याला गळाला लावून आणतीस व्हय?" मी म्हणायचे, "लागलेलाच हाय, बाई. आता सुटंना झालाय." हसण्यावारी न्यायचं, आणखी काय?

त्यांच्या सायकलच्या मागं बसून जायचं. डाव्या हातानं हँडल घट्ट, उजवा नुसता टेकवलेला. तलावाकाठी एका उसवाल्याची जुनी काहिल पडून होती. काहिल म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी कढई. ऐसपैस असते, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. तिला भोक पडलं म्हणून त्यानं टाकून दिली होती, मालकांनी डांबर भरून ते बुजवलं. तीच आमची नाव. कढईत बसून मासे धरायला जाणारी बाई सगळ्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

तिला ना नाक ना शेपूट. सरळ जायचं नाव नाही, नुसती गरगर फिरते. म्हणून तिच्यात बसून मासे धरायची एकच पद्धत. फळीनं पाणी मारत वाऱ्याच्या तोंडाशी जायचं आणि मग सोडून द्यायचं. वारा नेईल तिकडं काहिल जाते, आपण मागं गळ सोडायचा. पलीकडं लागलं की परत फळी. वारा आपला, काम बायकोचं.

गळाला आमिष म्हणून गांडूळ नाही की बेडूक नाही. ते रबराचं असायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बेडकाचं अंग करायचं, व्हॉल्वच्या नळीचे पाय लावायचे. मऊ, लिबलिबीत, पाण्यात ओढलं की पाय असे मारायचं की मलाच किळस यायची. हे त्यांनी आणि त्या दोस्तानं मिळून काढलेलं खूळ. काठावरचे भोई, ज्यांचा हा पिढीजात धंदा, ते आधी हसायचे. "रबराला मासा भुलतो व्हय?" पण भुलायचा. मरळीला वळवळतं दिसलं की पुरे, चव बघायला ती थांबत नाही. त्यातल्याच एका म्हाताऱ्या भोयानं मला तंगुसाची गाठ शिकवली होती. तंगूस म्हणजे ती नायलॉनची दोरी, काचेसारखी गुळगुळीत. तिला वेढे घालायचे, थुंकी लावायची आणि मग ओढायचं. दर खेपेला सगळ्या गाठी मीच बांधायचे, आणि मालक तेवढा वेळ दुसरीकडं बघायचे.

मला एक मात्र कबूल करावं लागेल. काहिल वाऱ्यावर सोडली की तिथं आवाज नसायचा. मागांची खडखड, चात्यांची घरघर आठवडाभर कानात भरलेली, ती हळूहळू निथळायची. मी बसल्या बसल्या झोपायचे. तोंड उघडं टाकून.

"अगं ए, झोपतीस काय! फळी धर."

"धरलीय की."

"उलटी धरलीय."

असा आमचा संसार त्या कढईत चालायचा.

गड्डा जवळ आला होता. त्या सुट्टीला आम्ही गेलो तेव्हा मी मनातून ठरवलंच होतं की हे शेवटचं. वैरागहून निरोपही येऊन गेला होता, सामान कधी हलवताय म्हणून. मालकांनी उत्तर म्हणून कॉटखालची ट्रंक बाहेर काढून पुसून ठेवली होती. बोलण्यापेक्षा ते जास्त झालं.

ऊन चढेपर्यंत एक मासा नाही. दोन फेऱ्या झाल्या. माझे खांदे भरून आले होते. काहिल एका बुडालेल्या बाभळीपाशी आली. तलावात अशा जुन्या बाभळी आहेत, नुसते शेंडे पाण्यावर. झालं, गळ नेमका तिच्यात अडकला! मी एका हातानं फांदी धरली, दुसऱ्या हातानं वाकून तो रबरी बेडूक काट्यातून सोडवायला लागले. पण काहिल कुठं थांबते? ती आपली वाऱ्याबरोबर फिरली, तंगूस तिच्या गंजक्या काठावर घासला आणि तट्कन तुटला. वीतभर दोरीसकट बेडूक माझ्या हातात, बाकीची दोरी मालकांच्या हातात.

"तोडलीस?"

"मी तोडली? तुमच्या ह्या कढईनं तोडली!"

एवढ्यात बाभळीच्या पलीकडं पाणी फुगलं. गुळूक. मरळ हवा घ्यायला वर येते, तसा आवाज. केवढं डोकं ते, बाई! माझ्या पंज्याहून रुंद. ती परत खाली गेली, पण लांब गेली नाही. पाणी हलताना दिसत होतं.

"फांदी सोडू नगंस," मालक पुटपुटले, "काहिल हलवू नगंस." आणि त्यांनी माझ्या हातातून तो बेडूक हिसकावून घेतला.

मी दोन्ही हातांनी फांदीला लटकलेली. काटे तळहातात रुतत होते. काहिल एकीकडं ओढतेय, बाभूळ एकीकडं ओढतेय, मधे मी. त्यांच्याकडं माझी पाठ होती. मनात म्हटलं, आता हे म्हणतील, गाठ बांध, आणि मी कुठल्या हातानं बांधू? पण ते काही म्हणाले नाहीत. माझ्या डोक्यावरून बेडूक गेला आणि टप्पकन पाण्यात पडला.

मरळीनं तो असा घेतला की पाणी माझ्या तोंडावर उडालं. काहिल कलली. मालक डाव्या हातावर तंगूस गुंडाळत ओढत होते, उजव्या हाताचं उरलेलं सगळं त्याला लावलं होतं, तोंडानं माशाला शिव्या आणि मला हुकूम. "सोड फांदी! न्हाई, धर! धर!" मासा वर आला, पोट पांढरं दिसलं. हातभर अंतर राहिलं. मीही ओरडायला लागले, "ओढा, ओढा!" ज्या बाईला माशाचा वास सहन होत नाही ती!

आणि दोरी एकदम सैल पडली. मालक काहिलीत उताणे झाले. मासा गेला.

मी फांदी सोडली. काहिल फिरत फिरत मोकळ्या पाण्यात निघाली. मालक उठून बसले आणि उजव्या हाताची मूठ काहिलीच्या काठावर आपटायला लागले. "थू ह्या हाताला! एक मासा धरवंना. ह्या हातानं काय म्हशीचं शेण काढणार हाय मी? तेबी जमायचं न्हाई." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते बोलले. रडतच बोलले. मला काय करावं कळेना. माणूस रडायला लागला की बाईनं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी आपली तंगूस गोळा करायला लागले.

दोरीचं टोक हातात आलं. तुटलेलं नव्हतं. टोकाला बारीक मुरड पडली होती, वळून परत स्वतःतच घुसल्यासारखी. मी ते उन्हात धरलं. आयुष्य गेलं माझं धाग्यांच्या टोकांत. सुटलेली गाठ कसली होती हे मला अंधारातही बोटांनी कळतं. ही भोयाची गाठ नव्हती. वेढे नव्हतेच. ही आमच्या मिलची गाठ होती. सुताला ती बसते, कारण सुताला सूत धरतं. तंगूस गुळगुळीत, ओढ बसली की त्याच्यावरून ती निसटणारच. मिलमधल्या माणसाखेरीज तंगुसाला असली गाठ कोण मारेल?

"ही गाठ कुणी मारली?" मी विचारलं.

"कुणी म्हंजे? मीच की. तू तर माकडासारखी लटकली हुतीस."

"कशी मारली?"

"मारली. दोन टोकं हाताला आली, मारली. आता काय त्याचं? चुकली न्हवं?"

"चुकली कुटं? बगा तरी."

त्यांनी बघितलं. मुरडीवरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. मी पदराच्या दशीतले दोन धागे उसवले आणि त्यांच्यापुढं धरले. "मारा."

त्यांनी धागे घेतले, डोळे बारीक केले, जीभ दातांत धरली. धागा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. त्यांचा चेहरा काळवंडायला लागला. मला माहीत होतं, आता फेकतील.

"अवो!" मी ओरडले. "आली बगा मरळ! बाबळीपाशी! तीच!"

"कुटं?" ते गर्रकन वळले.

"त्या शेंड्याच्या डाव्या अंगाला. गुळूक केलं की तिनं. बगा नीट!"

ते डोळे ताणून बघत राहिले. तिथं काही नव्हतं, मासा केव्हाच तलावाच्या दुसऱ्या टोकाला गेला असेल. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट आपसूक चालली होती. धागा वळला, खाली गेला, वर आला, ओढला गेला. तिळाएवढी गाठ.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

"नगा दिसू. खाली बगा."

त्यांनी बघितलं. माझ्या पदराचा आणखी धागा ओढला आणि मान वळवून पाण्याकडं बघत दुसरी गाठ मारली. मग तिसरी. माझा बरा पदर होता तो. अर्धा उसवला त्यांनी.

काहिल पार पलीकडच्या काठाला जाऊन चिखलात लागली, तेव्हा ते म्हणाले, "उद्या जातो जॉबरकडं."

खरं म्हणजे मी नाचायला हवं होतं. ह्याच शब्दांसाठी मी किती दिवस जीव मुठीत धरून होते. वैराग टळलं, जाऊबाई टळली. आणि त्याच क्षणी मी काहिलीचा काठ घट्ट धरला. ते त्याच मागापुढं उभे राहणार होते. त्याच दातेरी चाकापुढं. आणि मला ठाऊक होतं की कापूस अडकला की ते माग थांबवणार नाहीत. कुणीच थांबवत नाही. आहेत ती बोटं तरी राहतील का? 'नगा जाऊ' हे अगदी ओठावर आलं. मी म्हणाले असते तर ते थांबले असते, माझ्यासाठी वैरागला जाऊन म्हशीही राखल्या असत्या. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांत इतक्या महिन्यांनी माणूस दिसत होता.

"जावा," मी म्हणाले. "पण माज्या पदराचं काय?"

ते हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी जॉबरनं चालू खात्यात, सगळ्यांसमोर, मागावरचा धागा तोडला आणि म्हणाला, जोड. मालकांनी त्याच्या तोंडाकडं बघत बघत जोडला. जॉबरनं फणीतून गाठ सरकवून बघितली आणि म्हणाला, "तवा मी तोंडाला येईल ते बोललो, ते मनात धरू नगंस." तिथून पुढं ते रोज कामावर जायला लागले.

पुढं ते बरीच वर्षं मागावर होते. सुट्टीला मला झोपू द्यायला लागले, ही त्यातली जमेची बाजू. पण माझी झोप काही परत पहिल्यासारखी झाली नाही. वाइंडिंगमध्ये उभी राहून दिवसभर माझा एक कान मागखात्याकडं असायचा. तिकडं कुणी मोठ्यानं ओरडलं की माझ्या हातातला धागा तुटायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडले असते तर?

संध्याकाळी भोंगा झाला की बायका आधी सुटायच्या. मी फाटकाबाहेर थांबायचे. आतून माणसांचा लोंढा यायचा, सगळे एकसारखे, कापसानं पांढरे. मी त्यात कधी त्यांचं तोंड शोधलं नाही. आधी हात बघायचे. न सांगताही त्यांना ते कळलं होतं. लांबूनच, गर्दीच्या डोक्यांवरून, ते उजवा हात उंच धरायचे आणि माझ्याजवळ येईपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. फाटकावरचे लोक हसायचे, म्हणायचे, बायकोवर काय जीव आहे बघा गड्याचा, रोज हात करतो.